पन्नास रुपये खात्रीचे

आमच्या घरात एक वाक्य माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. ‘आबांच्यात धाडसच नव्हतं.’

आबा म्हणजे माझे आजोबा. मोहोळ तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन. काळी, खोल, रब्बी ज्वारीची. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या भागात पाण्याची आणि उसाची भाषा सुरू झाली. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यानं कर्ज काढून विहीर पाडली, मोटर बसवली, ऊस लावला. आबांनी ज्वारी पेरली. पुढच्या वर्षीही ज्वारीच पेरली. आज त्या शेजाऱ्याचा नातू गावात चारचाकी फिरवतो आणि मी पुण्यात कोथरूडला दोघांत एक खोली घेऊन कोड लिहितो. या दोन गोष्टींच्या मध्ये काय आहे असं अण्णांना, म्हणजे वडिलांना विचारलं, की ते वरचं वाक्य येतं.

मीही ते मानत होतो. इतकं, की कॉलेजात कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी दोन ऑफर होत्या, एक लहान स्टार्टअपची आणि एक कमी पगाराची पण मोठ्या कंपनीची, तेव्हा मी मोठी कंपनी घेतली आणि मनात म्हटलं, रक्तातच आहे.

मग दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलली. नवी कंपनी मोबाइलवरून छोटी कर्जं देणारी. माझं काम ‘एक्सपरिमेंट’ चालवणारी सिस्टिम सांभाळण्याचं. म्हणजे ॲप उघडणाऱ्या निम्म्या लोकांना एक स्क्रीन दाखवायची, निम्म्यांना दुसरी, आणि कोण किती कर्ज उचलतं ते मोजायचं. बटण हिरवं की केशरी, ‘महिना हप्ता’ मोठ्या अक्षरात की ‘एकूण परतफेड’, विम्याच्या चौकोनात आधीच टिक असावी की नसावी. (आधीच टिक असली की विमा जास्त खपतो. हे कळायला पीएचडी लागत नाही.) या कामासाठी वाचता वाचता मी लोक पैशांचे निर्णय कसे घेतात यावरच्या जुन्या प्रयोगांपाशी पोचलो. एका रात्री एक शोधनिबंध चाळत होतो, १९८० चा, अमेरिकेतल्या शेती अर्थशास्त्राच्या नियतकालिकातला. त्यातल्या अभ्यासाच्या गावांत एक नाव होतं. शिरापूर.

शिरापूर आमच्या गावापासून मोटरसायकलवर अर्ध्या तासाचं. मी उठून बसलो.

आधी थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर त्या निबंधात काय मोठं आहे ते कळणार नाही.

जोखमीचा हिशेब करणारा पहिला मोठा माणूस म्हणजे डॅनियल बर्नुली. १७३८ मध्ये त्यानं एक साधा प्रश्न मांडला. एका गरीब माणसाच्या हाती लॉटरीचं तिकीट आलंय. निम्मी शक्यता वीस हजार डुकाट मिळण्याची, निम्मी काहीच न मिळण्याची. सरासरी दहा हजार. त्यानं ते नऊ हजाराला विकलं तर तो मूर्ख ठरतो का? बर्नुली म्हणतो, नाही. श्रीमंतानं मात्र ते नऊ हजाराला विकत न घेणं हा मूर्खपणा. कारण पैसा वाढत जातो तशी पुढच्या प्रत्येक नाण्याची किंमत त्या माणसापुरती कमी होत जाते. गरिबाला पहिलं नाणं जेवण देतं, श्रीमंताला शेवटचं नाणं फार काही देत नाही.

या कल्पनेला १९४४ मध्ये फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी गणिताचा पक्का पाया घातला. पण माणसं खरंच असं वागतात का, हे तपासायचं कसं? १९५२ मध्ये पॅरिसच्या एका परिषदेत फ्रेंच अर्थतज्ज्ञ मॉरिस आले यांनी जेवणाच्या वेळी लिओनार्ड सॅव्हेज यांना दोन लॉटऱ्यांच्या जोड्या दिल्या आणि विचारलं, कुठली घ्याल? सॅव्हेज म्हणजे या सिद्धांताच्या मोठ्या पुरस्कर्त्यांपैकी एक. त्यांनी दिलेली उत्तरं त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध गेली! पुढे सॅव्हेजनी आपली निवड चुकल्याचं सांगितलं, सिद्धांत चुकला असं नाही. हा किस्सा मला फार आवडतो. आमच्याकडेही डॅशबोर्ड आणि अंदाज जुळला नाही की पहिला संशय डॅशबोर्डवर घेतात.

दुसरीकडे हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गातल्या विद्यार्थ्यांना खरेदीदार आणि विक्रेते बनवून खोटा बाजार भरवला, १९४८ मध्ये त्यावर लिहिलं. त्या वर्गात बसलेल्यांपैकी एक व्हर्नन स्मिथ. त्यानं १९५६ पासून पर्ड्यू विद्यापीठात हेच जास्त शिस्तीनं सुरू केलं. त्याच्या कामातून प्रायोगिक अर्थशास्त्राचा एक नियम पक्का झाला: खेळात खरे पैसे असले पाहिजेत. नुसतं ‘समजा’ म्हणून विचारलं तर माणूस समजा म्हणूनच उत्तर देतो.

कानमन आणि ट्वर्स्की यांनी मात्र ‘समजा’वरच भर दिला. त्यांचा १९७९ चा गाजलेला निबंध बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांना विचारलेल्या काल्पनिक प्रश्नांवर उभा आहे. इस्रायली पौंडांतल्या रकमा, आणि सोबत टीप की तिथल्या मधल्या कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न सुमारे तीन हजार पौंड. म्हणजे प्रश्नातली रक्कम मोठी आहे, पण ती कुणाला मिळणार नव्हती. कारण उघड आहे. तेल अवीव किंवा बोस्टनमधल्या माणसाला महिन्याच्या पगाराएवढी रक्कम नाणं उडवून द्यायची तर कुठल्या विद्यापीठाला परवडेल?

सोलापूर जिल्ह्यात परवडत होतं.

हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था उभी राहिली. तिचं लांबलचक नाव इक्रिसॅट असं आखडून घेतात. कोरडवाहू पिकांवर काम करणारी. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. नवी वाणं तर निघत होती, पण शेतकरी ती घेत का नाहीत, खत का टाकत नाहीत, हा प्रश्न होता. त्यासाठी १९७५ पासून संस्थेनं सहा गावं निवडून तिथं आपली माणसं राहायलाच पाठवली. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझारा आणि किनखेडा, आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगरची औरेपल्ली आणि डोकूर. गावात राहायचं, ठराविक दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, काय पेरलं, किती मजूर लावले, काय विकलं, कुणाकडून उसने घेतले, सगळं लिहून काढायचं. १९७२चा दुष्काळ तेव्हा ताजा होता. सोलापूरकडच्या ज्या माणसानं खडी फोडली होती, त्याच माणसाला आता कुणीतरी वहीपेन घेऊन विचारत होतं की तुम्ही धोका पत्करता का.

त्या वेळी याचं एक तयार उत्तर चलनात होतं. गरीब शेतकरी परंपरेला चिकटलेला असतो, भित्रा असतो, नव्याला घाबरतो. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्येच याला आव्हान दिलं होतं, की हा शेतकरी गरीब आहे पण त्याच्याकडे जे आहे ते तो काटेकोरपणे वापरतो. तरी ‘भित्रा’ हे विशेषण टिकून राहिलं. ते सोयीचं होतं. शेतकरीच भित्रा असेल तर बँकेचं, बाजाराचं, सरकारचं काही चुकत नाही.

इक्रिसॅटमध्ये तेव्हा हान्स बिन्सवांगर नावाचा तिशीतला स्विस अर्थतज्ज्ञ होता. (पुढे तो जागतिक बँकेत गेला. २०१७ मध्ये वारला.) त्यानं ठरवलं की हा भित्रेपणा मोजायचा. २४० घरं घेतली. आधी नेहमीची पद्धत वापरली, मुलाखत. समजा असं उत्पन्न नक्की आहे आणि असं अनिश्चित आहे, तर काय घ्याल? उत्तरं आली, पण ती विचारणारा कोण आहे त्यावर हलत होती. हा निष्कर्ष त्यानं लपवला नाही, निबंधाच्या सुरुवातीच्या सारांशातच लिहून टाकला.

मग खेळ. एक नाणं उडवायचं. त्याआधी शेतकऱ्यानं एक पर्याय निवडायचा. पहिला पर्याय, छापा पडो की काटा, पन्नास रुपये नक्की. दुसरा, एका बाजूला ४५, दुसऱ्या बाजूला ९५. तिसरा ४० आणि १२०. चौथा ३० आणि १५०. मग १० आणि १९०. आणि शेवटचा, एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला २००. थोडा वेळ थांबून हे आकडे बघा. पहिल्यापासून पुढे जाल तशी सरासरी वाढत जाते, ५०, ७०, ८०, ९०, १००, पण तळ खाली खाली जातो. शेवटच्या दोघांची सरासरी सारखीच, १००; फक्त जुगार मोठा. मध्ये दोन पर्याय असेही होते ज्यात सरासरी न वाढता नुसती जोखीम वाढते, म्हणजे समजून निवडतोय की उगाच बोट ठेवतोय ते कळावं. प्रोग्रॅमर म्हणून मला हे फार देखणं वाटतं. एक प्रश्न, एक बोट, आणि माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे ते कळतं.

खेळ एका बैठकीत उरकला नाही. काही आठवड्यांत पसरला. सुरुवात पन्नास पैशांच्या पातळीपासून, म्हणजे खात्रीचे आठ आणे किंवा शून्य आणि दोन रुपये. मग पाच रुपयांची पातळी. मग पन्नासची. शेवटी पाचशेची, पण ती नुसती विचारण्यापुरती. तोवर खऱ्या पैशांनी खेळून लोकांना खेळाची जाणीव आलेली होती. पन्नासच्या पातळीवर सगळ्यात मोठं बक्षीस अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होतं. जे अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत कुणी करू शकत नव्हतं ते इथं झालं.

यात मला एक बोच आहे आणि ती सांगूनच पुढे जातो. इथं परवडलं कारण इथला माणूस स्वस्त होता. पुढे मोठ्या रकमांचे प्रयोग चीनमध्ये झाले, इंडोनेशियात झाले, मदुराईच्या आसपासच्या खेड्यांत झाले, त्याच कारणानं. संशोधनाचं बजेट डॉलरमध्ये आणि माणूस रुपयात. पण बिन्सवांगरनं एक गोष्ट जपली होती. खेळात कुणाच्या खिशातून एक पैसाही जाणार नव्हता. सगळ्यात वाईट काय, तर शून्य. जुगाराचा नैतिक प्रश्न त्यानं त्या शून्यावर थांबवला. आमच्या ॲपमधल्या प्रयोगात असा शून्य नाही. तिथं ज्याच्या वाट्याला वाईट स्क्रीन येते त्याच्या खिशातून पैसे जातात, आणि आपण प्रयोगात आहोत हे त्याला माहीतही नसतं.

निकाल काय लागला? आठ आण्यांच्या खेळात माणसं सगळीकडे विखुरलेली. कुणी थेट शेवटचा पर्याय घेतं, कुणी पहिला. पैसे वाढवत नेले तसे सगळे मधल्या पायऱ्यांवर गोळा होत गेले. पन्नासच्या पातळीवर जवळजवळ प्रत्येक जण मध्यम सावध. आधीच्या डावांत ज्यांना नाण्यानं साथ दिली ते पुढे जरा धीट होत, एवढंच. आणि आता खरी गोष्ट. श्रीमंत आणि गरीब यांच्यात मोठा फरक सापडलाच नाही. जास्त मालमत्ता असलेले किंचित धीट दिसले, पण इतके किंचित की संख्याशास्त्राच्या भाषेत तो फरक आहे असं म्हणता येत नाही.

म्हणजे वीस एकर बागाईतवाला आणि तीन एकर कोरडवाहूवाला, दोघांच्या पुढे तेच नाणं आणि तेच पैसे ठेवले, तर दोघं जवळपास सारखंच निवडतात. मग शेतात एक जण खत टाकतो, विहीर पाडतो, नवं बियाणं घेतो आणि दुसरा नाही, याचं कारण दोघांच्या स्वभावात शोधता येणार नाही. ते कर्ज कुणाला मिळतं, बाजार कुणाला जवळ, माहिती कुणापर्यंत पोचते, यात शोधावं लागेल. बिन्सवांगरचा निष्कर्ष हाच होता. मी तो तीनदा वाचला.

तेरा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यानं मार्क रोझेन्झवाइग याच्यासोबत याच गावांच्या अभ्यासातली वर्षानुवर्षांची माहिती घेऊन पुढचा निबंध लिहिला. पाऊस कधी सुरू होणार याची अनिश्चितता वाढली की शेतकरी काय करतो? गरीब शेतकरी आपली गुंतवणूक अशा गोष्टींकडे वळवतो ज्यांत धोका कमी आणि नफाही कमी. त्यांच्या अंदाजानुसार ही अनिश्चितता एका ठराविक मापानं वाढली, तर सगळ्यात गरीब पाव भागातल्या शेतकऱ्यांचा नफा ३५ टक्क्यांनी घटतो. सगळ्यात श्रीमंत पाव भागावर जवळपास काही परिणाम नाही. वरवर पाहता हे १९८०च्या निबंधाला छेद देणारं वाटतं. आधी म्हणाले सगळे सारखे, आता म्हणतात गरीब बिचकतो. पण नीट पाहिलं तर दोन्ही एकच सांगतात. नाण्याच्या खेळात पडायला शून्याची जमीन होती. शेतात ती नसते. श्रीमंताला पीक बुडालं तर धान्याची कणगी आहे, विकायला जनावर आहे, उधार देणारा सोयरा आहे. गरिबाला पीक बुडालं तर बैल विकावा लागतो, आणि मग पुढचं पेरायचं कशानं?

याच गावांची माहिती घेऊन शिकागोच्या रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये औरेपल्ली, शिरापूर आणि कंझाऱ्यावर निबंध लिहिला आणि तो जगभर शिकवला गेला. विकासाचं अर्थशास्त्र शिकणाऱ्या कितीतरी परदेशी मुलांना मोहोळ कुठं आहे माहीत नाही, पण शिरापूर माहीत आहे. आमच्या तालुक्यात मात्र हे कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

आता इथं एक गोष्ट वाचकांपैकी काहींच्या मनात आली असेल. आपणही रोज असलाच खेळ खेळतो की मोबाइलवर. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले होते. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. माझ्या रूममेटनंही त्यात आपला वाटा उचलला, मीही थोडा. आमच्या पिढीला कुणी भित्रं म्हणत नाही. ‘रिस्क घेणारी पिढी’ म्हणतात. बिन्सवांगरचा मधल्या पायरीवरचा शेतकरी आमच्याकडे पाहून काय म्हणाला असता कुणास ठाऊक. त्याच्या खेळात निदान सरासरी फायद्याची होती.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मी तो खेळ घरी खेळायचं ठरवलं. आठ आण्याला आता अर्थ नाही, म्हणून पन्नासची पातळी घेऊन ती दहापट केली. पाचशे नक्की, किंवा साडेचारशे आणि साडेनऊशे, असं करत शून्य आणि दोन हजार. कागदावर पर्याय लिहिले, नोटा खऱ्या ठेवल्या. आजी ऐंशीच्या घरात. तिला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळीसमोर नोटांच्या दोन गड्ड्या मांडल्या.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “हरले तर माझं काय जातं?”

“काही नाही.”

“मग ह्यो कसला जुगार रं?”

मला हसू आलं, कारण हाच आक्षेप अभ्यासकांनाही आहे. ज्या खेळात काही गमवायचं नाही त्यात गमावण्याची भीती कशी मोजणार? कानमन आणि ट्वर्स्की हेच सांगत होते, की मिळालेल्या शंभराच्या आनंदापेक्षा गेलेल्या शंभराचं दुःख मोठं असतं. आजीनं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. चारशे आणि बाराशे. मध्यम सावध. अण्णांनीही तीच ओळ घेतली. मी स्वतः चौथी घेतली असती, पण पैसे माझेच होते.

नाणं आजीच्या बाजूनं पडलं. बाराशे रुपये पदराच्या गाठीला बांधता बांधता मी तिला म्हटलं, “आबा असते तर पहिलीच ओळ घेतली असती. पाचशे नक्की.”

“का?”

“धाडस नव्हतं ना त्यांच्यात. विहीर नाही पाडली.”

आजी थांबली. “कुणी सांगितलं तुला? सोसायटीत चार खेटे मारलं त्येंनी. उतारा आण म्हणाले. उताऱ्यावर तीन भावांची नावं. थोरला सही देईना. म्हणं, विहिरीत पाणी नाही लागलं तर माझी बी जमीन जाईल.”

अण्णा पलीकडून म्हणाले, “आई, तू काहीपण सांगते. आबा कधी बोलले नाहीत असं.”

“तुला कशाला बोलतील? तू किती होतास तेव्हा?”

यावर दोघांचं बराच वेळ चाललं. अण्णांचं म्हणणं, थोरल्या आज्यानं सही नाकारली असती तर ते भांडण गावात कुणाला तरी माहीत असतं. आजीचं म्हणणं, घरातलं गावात सांगायची पद्धत नव्हती. मी मधे पडलो नाही.

रात्री मोबाइलवर जुने अभिलेख शोधले. शुल्क भरलं, दोनदा साइट बंद पडली, तिसऱ्यांदा स्कॅन केलेलं पान उघडलं. वाटणीचा फेरफार १९८९ चा. शेजाऱ्याची विहीर त्याच्या आधीची. म्हणजे शेजारी विहीर पाडत होता तेव्हा आमच्या उताऱ्यावर खरंच तीन नावं होती. आबा सोसायटीत गेले होते की नाही, हे कुठल्याच उताऱ्यावर नसतं.

सकाळी अण्णा गोठ्यात होते. त्यांच्यासमोर मोबाइल धरला. त्यांनी चष्मा लावला, तारीख वाचली, झूम करून पुन्हा वाचली. मग मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हशीला पेंड घालायला वळले. “प्रिंट काढून आण एक,” म्हणाले.